ऑफिसच्या लॅपटॉपला तुमच्या सवयी माहीत असतात

समजा, तुमची नोकरी बेंगळुरूला आहे आणि सध्या तुम्ही आईकडे इंदूरला आला आहात. मुलाला ताप आहे, त्यामुळे दिवसभर रजा. रात्री साडेबारा वाजता तो झोपतो. तुम्ही ऑफिसचा लॅपटॉप उघडता, आईच्या घरचं वायफाय जोडता आणि उद्याच्या मीटिंगसाठी गेल्या चार महिन्यांच्या विक्रीच्या सगळ्या फायली एकदम डाउनलोड करून ठेवता. तुमच्या मते तुम्ही फक्त राहिलेलं काम उरकलंत. कंपनीच्या सुरक्षा विभागातल्या एका सॉफ्टवेअरच्या मते मात्र वेळ, जागा आणि फायलींची संख्या या तिन्ही गोष्टी एकाच रात्री बदलल्या. सकाळपर्यंत तुमच्या नावापुढचा धोक्याचा आकडा वाढलेला असतो.

या सॉफ्टवेअरला 'यूझर बिहेविअर ॲनालिटिक्स' म्हणतात, थोडक्यात यूबीए. कोण कधी लॉगिन करतं, कुठून करतं, काय उघडतं, किती उतरवून घेतं, याची नोंद ठेवून त्यातलं वेगळं काही दिसलं की ते घंटा वाजवतं. बँका, आयटी कंपन्या, विमा कंपन्या यांच्याकडे आज ते सर्रास असतं. तुम्ही सुरक्षा विभागात काम करत असाल, तर यातलं कोणतं घ्यावं हा प्रश्न कधी ना कधी तुमच्या टेबलावर येणारच. तसं नसेल, तरी तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी लॅपटॉपची नोंद अशा सॉफ्टवेअरमध्ये होत असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही बाजूंनी हा विषय समजून घेण्यासारखा आहे, कारण यात चूक झाली तर चोर सुटतो किंवा निर्दोष माणूस संशयात अडकतो. कधी कधी दोन्ही एकदम होतं.

वॉचमन आणि समोरच्या काकू

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन पास बघून आत सोडतो. पास खरा असेल तर त्याचं काम संपलं. पासवर्ड, ओटीपी, फायरवॉल हे सगळे वॉचमन. पण चोराने खरा पासच मिळवला असेल तर? किंवा सोसायटीतलाच कुणी चोरी करत असेल तर? तेव्हा उपयोगी पडतात समोरच्या काकू. त्यांनी कुणाचा पास कधी बघितलेला नसतो. त्यांना इतकंच ठाऊक असतं, की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब रोज साडेआठला निघतात, दूधवाला सहाला येतो आणि पाचव्या मजल्यावर दुपारी कधीच कुणी नसतं. दुपारी तीन वाजता पाचव्या मजल्यावरून कपाट खाली येताना दिसलं की काकू गॅलरीतून विचारणारच, "अहो, हे कुठे चाललंय?"

यूबीए म्हणजे या काकू. फरक इतकाच, की त्या दहा हजार फ्लॅटवर एकदम लक्ष ठेवतात आणि विसरत काही नाहीत.

ही कल्पना तशी जुनी आहे. डोरोथी डेनिंग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. प्रत्येक वापरकर्त्याच्या नेहमीच्या वागण्याचं एक चित्र तयार करायचं आणि त्यापासून कोणी किती दूर गेलं ते मोजायचं, हा त्याचा गाभा होता. आजची सगळी महागडी सॉफ्टवेअर मुळात हेच करतात. बाजारात हे नाव रूढ झालं ते गार्टनर या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये त्यावर अहवाल काढल्यावर. पुढच्याच वर्षी त्यांनी नावात 'एंटिटी' हा शब्द घातला आणि यूबीएचं यूईबीए झालं. एंटिटी म्हणजे माणसाखेरीज बाकी सगळं: सर्व्हर, प्रिंटर, एटीएम, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरलेलं खातं.

हा बदल का लागला, ते पुण्याच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेच्या खातेदारांच्या नावाची बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमची मागणी जिथे तपासली जाते, तो टप्पाच हल्लेखोरांनी बाजूला काढला होता. मागणी बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नव्हती, मधल्या मध्ये 'मंजूर' असं उत्तर जात होतं. म्हणजे इथे वेगळं वागलं ते एक यंत्र. माणसांच्याच सवयी बघणाऱ्या काकूंना यातलं काही दिसलं नसतं. पण रोज अमुक इतक्या मागण्या येणारी यंत्रणा शनिवारी दुपारी एकदम गप्प का झाली, हे यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने विचारलं असतं.

वेगळं म्हणजे कुणापेक्षा वेगळं?

सॉफ्टवेअर विकणारे लोक प्रेझेंटेशनमध्ये एआयबद्दल खूप बोलतात. माझ्या मते त्यातली निम्मी स्लाइड सोडून द्यावी आणि एकच प्रश्न धरून बसावं: तुमचं सॉफ्टवेअर माणसाची तुलना कुणाशी करतं? त्याच्या स्वतःच्या कालशी, की त्याच्यासारखंच काम करणाऱ्या इतरांशी?

पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने शेअर बाजाराला कळवलं, की मुंबईतल्या एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे गैरव्यवहार आढळले आहेत. शाखा होती फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊसची. तपास यंत्रणांच्या आरोपानुसार, हिरे व्यापारी नीरव मोदी आणि त्यांच्याशी संबंधित कंपन्यांसाठी हमीपत्रं दिली जात होती. त्यांचे संदेश स्विफ्टवरून परदेशातल्या शाखांना जात होते, पण बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. आणि हे अनेक वर्षं चालू होतं.

आता विचार करा, या शाखेत २०१५ मध्ये उत्तम दर्जाचं यूबीए बसवलं असतं तर? पहिले काही आठवडे ते फक्त बघतं आणि शिकतं. काय शिकलं असतं? की या खुर्चीवरून रोज असे संदेश जातात. ही त्याची 'नेहमीची' सवय ठरली असती. गैरव्यवहार सॉफ्टवेअरच्या आधीपासून चालू असेल, तर सॉफ्टवेअर त्यालाच शिस्त समजतं. फक्त स्वतःच्या कालशी तुलना करणारी यंत्रणा इथे कितीही हुशार असली तरी गप्पच बसली असती.

तीच यंत्रणा या खुर्चीची तुलना इतर शाखांमधल्या तशाच खुर्च्यांशी करत असती, तर एवढी हमीपत्रं एकाच शाखेतून का, हा प्रश्न वर आला असता. सुरक्षा क्षेत्रात याला 'पिअर ग्रुप' म्हणतात. सॉफ्टवेअर निवडताना हा समवयस्कांचा गट कसा ठरतो, हे मी सगळ्यात वरचं कलम मानेन.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत कसली, डोक्याला हात लावायची गोष्ट. स्विफ्टवर गेलेला प्रत्येक संदेश मुख्य प्रणालीत नोंदला आहे का, हे जुळवून बघायला कुठलंच एआय लागत नाही. त्यासाठी साधा नियम पुरतो. प्रकरण उघडकीला आल्यावर रिझर्व्ह बँकेने नेमकी हीच जोडणी बँकांना सक्तीची केली. म्हणून कुणी यूबीए विकायला आलं, की आधी आपल्याकडचे साधे नियम लावून झालेत का, ते बघावं. पाया नसताना गच्चीवर बाग करण्यात अर्थ नाही.

कॅनडातल्या क्वेबेकच्या देजार्दां या सहकारी वित्तसंस्थेची कथा वेगळ्या बाजूची आहे. २०१९ मध्ये तिने जाहीर केलं, की एका कर्मचाऱ्याने सदस्यांची खाजगी माहिती बाहेर नेली. आकडा पुढे सुमारे ९७ लाख लोकांपर्यंत गेला. कॅनडाच्या खाजगीपणा आयुक्तांच्या चौकशीत दिसलं, की हे किमान २६ महिने चालू होतं. तो कर्मचारी मार्केटिंगमधला होता. मूळ डेटाबेसमधली गोपनीय माहिती बघायचा त्याला अधिकारच नव्हता. पण इतर कर्मचारी आपल्या रोजच्या कामाचा भाग म्हणून ती माहिती विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये आणून ठेवत होते. कुलूपबंद कपाटातलं सामान कुणीतरी रोज हॉलमध्ये आणून मांडावं आणि तिथून ते जावं, तसं झालं. तिथून त्याने ती आपल्या संगणकावर आणि पुढे यूएसबीवर घेतली. इथे माणसाच्या लॉगिनकडे बघून काही कळलं नसतं. फोल्डरकडे बघणारं कुणीतरी हवं होतं.

कोण कुठे बसून बघतं

बाजारातल्या नावांची यादी लांबलचक आहे. ती पाठ करण्यापेक्षा हे बघावं, की कोणतं सॉफ्टवेअर कुठे बसून बघतं.

सगळ्यात मोठा गट लॉगवर बसतो. ऑफिसमधलं प्रत्येक यंत्र आपण काय केलं त्याची वही लिहीत असतं, ती म्हणजे लॉग. या सगळ्या वह्या एकत्र वाचून निष्कर्ष काढणारे म्हणजे एक्झाबीम, सिक्युरॉनिक्स, गुरुकुल, स्प्लंक आणि मायक्रोसॉफ्ट सेंटिनेल.

एक्झाबीमची खासियत म्हणजे गोष्ट सांगण्याची पद्धत. एका माणसाच्या दिवसभरातल्या सगळ्या हालचाली ते एका कालरेषेवर मांडतं आणि प्रत्येक वेगळ्या हालचालीला गुण देतं. नवीन शहरातून लॉगिन, इतके गुण. कधी न उघडलेला सर्व्हर उघडला, आणखी इतके. बेरीज ठरावीक रेषेपलीकडे गेली की नाव वर येतं. कंपनीकडून येताना ही रेषा बहुधा ९० वर ठेवलेली असते, पुढे ती आपल्याला बदलता येते. रात्रपाळीत बसलेल्या नवख्या ॲनालिस्टलाही 'हे नाव का आलं' ते समजतं, आणि पुढे कुणाला जाब विचारायची वेळ आली तर ही गोष्ट फार मोलाची ठरते. २०२४ मध्ये एक्झाबीम आणि लॉगरिदम या दोन कंपन्या एक झाल्या. तेव्हा खरेदी करताना कोणतं उत्पादन पुढे चालू राहणार, हे लेखी विचारून घ्या. स्प्लंकबद्दलही तेच. स्प्लंकने २०१५ मध्ये कॅस्पिडा नावाची कंपनी घेऊन आपलं यूबीए उभं केलं आणि २०२४ मध्ये स्प्लंकच सिस्कोकडे गेली. तुमच्या सगळ्या वह्या आधीच स्प्लंकमध्ये जमा होत असतील तर तिथेच थांबणं सोयीचं. फक्त त्यासाठी नव्याने स्प्लंककडे जायचं असेल, तर खर्चाचा कागद दोनदा वाचा.

मायक्रोसॉफ्ट सेंटिनेल आपल्याकडे अनेक ठिकाणी न मागताच दाराशी आलेलं असतं, कारण ईमेल, टीम्स, लॉगिन सगळं आधीच मायक्रोसॉफ्टचं असतं. यूईबीए त्यात एक बटण दाबून सुरू होतं. प्रत्येक हालचालीला ते ० ते १० मध्ये प्राधान्य देतं आणि समवयस्कांचा गट आपोआप काढतं. तो काढायला ते कंपनीच्या सुरक्षा गटांच्या आणि ईमेल याद्यांच्या नोंदी वापरतं. इथेच मेख आहे. या याद्या आपल्याकडे किती जुन्या असतात, ते ज्याने आयटी विभागात आठवडाभर काम केलंय त्याला विचारा. तीन वर्षांपूर्वी अकाउंट्समधून एचआरमध्ये गेलेल्या बाई अजून अकाउंट्सच्या यादीत असतात. मग सॉफ्टवेअर त्यांची तुलना अकाउंट्सवाल्यांशी करतं आणि त्यांचं रोजचं एचआरचं काम त्याला संशयास्पद वाटतं. शिवाय सेंटिनेलचं बिल जमा होणाऱ्या माहितीच्या प्रमाणात वाढतं, विजेच्या मीटरसारखं. पहिल्या तीन महिन्यांच्या बिलावरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

सिक्युरॉनिक्स आणि गुरुकुल यांची सुरुवातच माणसांच्या सवयी आणि अधिकार यांच्या विश्लेषणातून झाली. कुणाला कोणते अधिकार दिलेत आणि तो त्यातले कोणते खरोखर वापरतो, याची सांगड ते चांगली घालतात. मोठ्या बँकेला शोभतील अशी आहेत, पण ती चालवायला शिकलेली टीम लागते. तीन माणसांच्या सुरक्षा विभागाने या वाटेला जाताना विचार करावा. लहान कंपन्यांना इलॅस्टिक हा मधला मार्ग आहे, मात्र त्यातला वेगळेपण ओळखणारा मशीन लर्निंगचा भाग पैसे भरूनच मिळतो.

दुसरा गट फायलींपाशी बसतो. यातलं ठळक नाव व्हॅरोनिस. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे, तो कुणाकुणाला उघडता येतो आणि खरं तर कुणाला यायला हवा, हे ते दाखवतं. देजार्दांसारख्या प्रकारात हेच आधी लागतं. माझ्या पाहण्यात, माहिती फुटण्याची भीती असलेल्या कंपन्यांनीही लॉगवरची मोठी यंत्रणा आधी घेतली आणि सामायिक फोल्डर तसेच उघडे ठेवले, असं बऱ्याचदा होतं.

तिसरा गट थेट तुमच्या लॅपटॉपवर बसतो, आणि घरच्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. प्रूफपॉइंटने २०१९ मध्ये घेतलेलं ऑब्झर्व्हइट स्क्रीनवर काय चाललं होतं त्याची दृश्य नोंद ठेवू शकतं. टेरामाइंड त्याही पुढे जाऊन कोणती कळ दाबली तेही टिपू शकतं आणि तेच सॉफ्टवेअर 'कर्मचारी किती वेळ काम करतात' हे मोजायलाही विकलं जातं. डीटेक्स मजकुराऐवजी हालचालींच्या नोंदी घेतं आणि नावं झाकून ठेवण्याची सोय देतं. मायक्रोसॉफ्टच्या परव्ह्यू या दुसऱ्या उत्पादनातही सुरुवातीला ॲनालिस्टला खऱ्या नावाऐवजी टोपणनाव दिसतं. चांगली पद्धत आहे. चौकशी पुढे नेण्यासारखी आहे हे ठरेपर्यंत कुणाचं नाव कुणाला का कळावं?

चोर पकडायचं यंत्र आणि कामाचे तास मोजायचं यंत्र एकच असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा मॅनेजरला कळलं, की यात चहाला गेलेला वेळही दिसतो, की सुरक्षा विभागाकडे चोरांपेक्षा चहाच्या तक्रारी जास्त येतात.

शंभर निर्दोष माणसं

एक साधं गणित करू. कंपनीत १०,००० माणसं आहेत. त्यात ५ जण खरोखर काहीतरी गैर करत आहेत. सॉफ्टवेअर इतकं उत्तम, की पाचही जणांना पकडतं आणि निर्दोष माणसाच्या बाबतीत ९९ टक्के वेळा बरोबर ठरतं. मग उरलेल्या ९,९९५ पैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १०० जणांवर खोटी घंटा वाजेल. यादीत १०५ नावं, त्यात दोषी ५. म्हणजे '९९ टक्के अचूक' यंत्राने बोट दाखवलेल्या दर एकवीस माणसांपैकी वीस निर्दोष आहेत. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने हा आकडा सांगितला नाही तर तुम्ही विचारा.

आणि हे शंभर जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे येत नाहीत. ज्यांचं आयुष्य वेळापत्रकात बसत नाही, त्यांची नावं जास्त येतात. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपवून परतलेली बाई घ्या. सहा महिने झोपलेलं खातं एकदम जागं झालं, नवीन फोनवरून लॉगिन झालं, राहिलेलं काम समजून घ्यायला दोनशे जुन्या फायली उघडल्या गेल्या. बंद पडलेलं खातं अचानक जागं होणं हे खऱ्या हल्ल्याचंही पक्कं लक्षण मानलं जातं, त्यामुळे सॉफ्टवेअरलाही दोष देता येत नाही. पण तिची रजा आज संपते आहे हे एचआरला माहीत असतं. ती माहिती सुरक्षा विभागाच्या यंत्रणेला जोडलेली असेल तर घंटा वाजायचं कारण नाही. बदली, बढती, रात्रपाळी, आजारी आईवडिलांसाठी गावाला जाऊन केलेलं काम, सगळ्याचं हेच.

प्रवासाची घंटा तर फारच विनोदी असते. दहा वाजता तुम्ही नागपूरला आणि सव्वादहाला सिंगापूरला दिसता. तुम्ही खुर्चीतून उठलेलाही नसता, व्हीपीएन मधे आलेलं असतं. मोबाइलचं इंटरनेट वापरलं तरी कधी कधी दुसऱ्याच शहराचं नाव येतं. अशा घंटा रोज चाळीस वाजल्या की ॲनालिस्ट त्या न बघता बंद करायला लागतो, आणि एक्केचाळिसावी खरी असते.

आपल्याकडचा खास प्रश्न म्हणजे सामायिक लॉगिन. शाखेत 'काउंटर२' नावाचं एकच खातं, तिघंजण वापरतात, पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला. तिघांच्या सवयी एकत्र कालवल्यावर सॉफ्टवेअरला काय कळणार? आणि काही गैर झालं तर तिघांपैकी कुणाला धरणार? यूबीएवर एक रुपया खर्च करण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या.

खरेदीच्या टेबलावर

तुम्ही निवड करणाऱ्यांपैकी असाल तर डेमोवर जाऊ नका. डेमोतला चोर नेहमी पकडला जातो. स्वतःच्या कंपनीची निदान महिनाभराची माहिती घालून चाचणी मागा. त्या महिन्यात तिमाहीअखेर किंवा दिवाळीची सुट्टी येत असेल तर फारच उत्तम, कारण तेव्हा सगळेच वेगळं वागतात आणि यंत्रणेचा खरा कस लागतो. आपल्यातल्याच एखाद्याला, वरिष्ठांच्या लेखी परवानगीने, चोरासारखं वागायला सांगा: आज दहा फायली, उद्या पंधरा, परवा वीस. हळूहळू वाढणारी चोरी पकडणं सगळ्यात अवघड असतं, कारण सॉफ्टवेअर रोजची थोडी वाढ नवीन सवय म्हणून स्वीकारत जातं. कोणतं सॉफ्टवेअर कितव्या दिवशी जागं होतं, ही तुलना कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जाते. रोज किती घंटा वाजल्या आणि तुमच्या माणसांना त्यातल्या किती तपासता आल्या, हेही लिहून ठेवा.

कायद्याची एक बाजू इथे येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस सांभाळून ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. सहा तास म्हणजे फार थोडा वेळ. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका घंटेचा उलगडा करायलाच दिवस जातो, ते कागदावर कितीही छान दिसलं तरी उपयोगाचं नाही.

आणि तुमचं काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, बहुतेक तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. पण या कायद्याचं कलम ७ नीट वाचलंत, तर नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ हेरगिरी रोखायला किंवा व्यापारी गुपितं जपायला, तुमची माहिती वेगळी संमती न घेताही वापरायची मुभा मालकाला आहे. त्यामुळे 'मला विचारलं नाही' एवढंच म्हणून भागणार नाही. पण सुरक्षेच्या नावाखाली गोळा केलेली माहिती पगारवाढ रोखायला वापरली जात असेल, तर प्रश्न विचारायला तुम्ही मोकळे आहात, आणि तो ईमेलवर विचारावा.

रुजू होताना सही केलेल्या कागदांत 'आयटी वापर धोरण' असतं. ते शोधून वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरची बँक, मुलांच्या शाळेचे फॉर्म, डॉक्टरांचे रिपोर्ट उघडू नका. स्क्रीनची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर असेल तर तेही त्यात जातं, आणि ते बघणारा माणूस तुमच्याच कॅन्टीनमध्ये जेवतो. बाहेरगावी जाऊन काम करणार असाल किंवा लांब रजेवरून परतत असाल, तर मॅनेजर आणि आयटी विभाग दोघांना आधी दोन ओळींची ईमेल टाका.

राजीनामा दिल्यावर सगळ्यात जास्त जपा. परव्ह्यूसारख्या यंत्रणांना एचआरकडून राजीनाम्याची तारीख जोडता येते, आणि ती आली की तुमच्या डाउनलोडकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. आठ वर्षांचे 'आपले' टेम्प्लेट्स स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह भल्याभल्यांना होतो. ते तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. मुलांचे फोटो, पगाराच्या पावत्या यांसारखं खरोखर स्वतःचं काही त्यात असेल, तर मॅनेजरला सांगून, त्याच्या होकाराची ईमेल घेऊन मगच काढा.

आणि कधी बोलावणं आलंच, तर तिथल्या तिथे 'हो, चुकलं असेल' असं घाबरून म्हणू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या फायलींबद्दल विचारताय, ते लेखी मागा. चांगल्या यंत्रणेत ती कालरेषा उपलब्ध असते. त्या वेळी तुम्ही काय करत होता ते रजेचा अर्ज, मीटिंगचं निमंत्रण, मॅनेजरचा मेसेज यांच्यासह उत्तरात लिहा. आकडा सॉफ्टवेअरने दिलेला असतो, त्याचा अर्थ मात्र समोर बसलेला माणूस लावत असतो, आणि त्याच्यापुढे तुमची बाजू कागदावर असायला हवी.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत कराल तेव्हा त्याच्या क्रमांकासह पावती घ्या आणि तुमचं खातं कोणत्या तारखेला बंद केलं ते सांगणारी ईमेल मागून घ्या. ती घरच्या ईमेलवर मागवा, कारण ऑफिसची उद्यापासून उघडणार नाही. खातं बंद करायचं राहून गेलं आणि सहा महिन्यांनी कुणी ते वापरलं, तर स्क्रीनवर नाव तुमचंच दिसेल.